उठून उभं राहण्याची रीत

त्या राज्यात जनावर उभं असेल तर ते धडधाकट आणि पडलं तर आजारी, एवढा सरळ हिशेब होता. पाय दुखले, धाप लागली, तर ते ज्याचं त्यानं सोसायचं. चालता चालता कोणी कोसळलंच, तर त्याला नदीकाठच्या मोठ्या पडवीत आणत. वासरं, कोकरं, पिल्लं यांची सोय पलीकडच्या टेकडीवर वेगळी होती. पडवी होती ती वाढलेल्या, राबलेल्या, संसार करून थकलेल्या जनावरांसाठी.

पडवीच्या मागे गोठे होते. एक धापेचा, एक काळजाचा, एक बिघडलेल्या रक्ताचा. दुखणं कळलं की त्या त्या गोठ्यात न्यायचं आणि विशेष काही नसेल तर घरी पाठवायचं. पडवीत मात्र कोणी मुक्काम ठोकायचा नाही, कारण दाराबाहेर पुढचं जनावर नेहमी पडलेलंच असे. योजना चांगली होती. योजना सगळ्या चांगल्याच असतात.

पण गोठे भरलेले होते. आत बरी झालेली जनावरंही होती. त्यांना न्यायला यायचे ते नातलग चाऱ्याच्या शोधात दूर गेले होते, आणि ती बिचारी दाराकडे डोळे लावून बसली होती. त्यांना हाकलणार तरी कसं? मग पडवी तुंबे आणि दाराबाहेरची रांग वाढत जाई.

पडवीचा कारभारी एक करकोचा होता. तो निर्दय नव्हता. नुसती चोच टेकवून त्याला नाडी कळे, आणि ज्ञान होतं म्हणूनच त्याचे जास्त हाल होते. मागे कधीतरी गर्दीपुढे हात टेकून राज्यातल्या शहाण्यांनी त्याला एक नियम घालून दिला होता. सकाळच्या फेरीत जो लागोपाठ तीन दिवस आपल्या पायांवर उभा राहील, त्यानं जागा रिकामी करायची.

त्या पडवीत चांदरी नावाची म्हातारी म्हैस आली. पाणवठ्यावर पडली होती. शेजाऱ्यांनी ओढत आणली आणि ते निघून गेले. तिचं दुखणं एक नव्हतं. थोडी धाप, थोडं काळीज, बरंचसं वय. धापेचा गोठा म्हणाला, हे काळजाचं आहे. काळजाचा गोठा म्हणाला, हे वयाचं आहे. वयाचा गोठा कोणी बांधलाच नव्हता.

तिची देखभाल एका टिटवीकडे होती. टिटवी पाय वर करून निजते ती आभाळ पेलायला, असं लोक चेष्टेनं म्हणतात. या टिटवीला ती चेष्टा वाटत नसे. तिनं चांदरीच्या तोंडात थेंब थेंब पाणी घातलं, अंगावरच्या माश्या उडवल्या. दिवसभर चांदरीला कूससुद्धा बदलता येत नाही, हे तिला दिसत होतं. पण सकाळी करकोच्याची पावलं वाजली की चांदरी पाय गोळा करी, दात आवळून उठे, मान लववी आणि म्हणे, बरं आहे बुवा. करकोचा पुढे गेला की धप्पकन खाली येई. वडीलधारं कोणी आलं की उठून उभं राहायचं, ही त्या राज्यात दुधाबरोबर पाजलेली शिकवण होती, आणि कारभारी म्हणजे सगळ्यांचा वडीलच.

टिटवीनं तिला समजावलं की मावशी, उद्या तिसरी सकाळ, उठू नकोस, उठलीस तर तुला घरी पाठवतील आणि तू वाटेतच मरशील. चांदरीला सगळं कळत होतं. तिला जगायचंही होतं.

"वडील समोर आणि मी पसरलेली?" ती म्हणाली. "नाही गं बाई. पाय आपसूक उठतात."

मग टिटवी करकोच्याकडे गेली आणि म्हणाली की हे उभं राहणं नुसत्या अदबीचं आहे, ताकदीचं नाही.

"तिचे गुडघे थरथरतात ते मी रोज बघतो," तो म्हणाला. "पण ती उठते तरी. बाहेर आहेत त्यांना उठवतही नाही. कोणाला आत घेऊ, तूच सांग."

टिटवी चांदरीपाशी परत गेली आणि माश्या उडवत बसली. सकाळी चांदरी उठली, आणि नियमाप्रमाणे तिची जागा रिकामी झाली. करकोच्यानं तिच्याकडे न बघताच मान हलवली.

ती दाराबाहेर पडली. टिटवी डोक्यावरून उडत राहिली. रांगेच्या शेपटाशी चांदरीचे पाय गेले आणि ती चिखलात आडवी झाली. टिटवीला रडू आलं आणि खरं सांगायचं तर हायसंही वाटलं. आता चांदरी पडलेल्यांत होती. आता करकोच्यानं तिला पडलेली बघितली म्हणजे झालं. टिटवी भरारा आत गेली आणि फेरी अर्धी टाकून त्याला घेऊन आली.

करकोचा दाराबाहेर असा कधी आला नव्हता. त्याचे पांढरे पंख दिसताच रांगेतली पहिली शेळी खोकत खोकत गुडघ्यांवर आली आणि उभी राहिली. तिच्यामागे खेचर उठलं. मग जखमी सांबर, मग आंधळी घोडी, मग एकेक करत सगळी रांग. शेवटी चांदरीनं पाय गोळा केले. तिला जमेना, तेव्हा शेजारच्या बैलानं आपला लटपटता खांदा पुढे केला आणि तीही उठली.

"बरं आहे बुवा," सगळे म्हणाले.

"बसा," करकोचा म्हणाला. "अरे, बसा."

पण वडील उभे असताना बसणार कोण? लांबच लांब रांग एकमेकांवर रेलून, माना लववून, थरथरत्या पायांवर तशीच उभी राहिली.