पाचवी खेप

एका राज्यात, जिथे पाखरे माणसांशी बोलत आणि डोंगर मांत्रिकांच्या आज्ञेत असत, कालजंघ नावाच्या मायावीने शाप दिला होता : "सारखी वाटणी करून जे उरेल, ते माझे!"

तेव्हापासून हारांतून उरलेली फुले विरून जात. पंगतीबाहेर उरलेली माणसेही नाहीशी होत. ती काळनदीच्या पैलतीरी उभी राहत, आणि ऐलतीरावरून त्यांचे आप्त नुसते पाहत राहत.

राजा उदयवर्मा शापाविरुद्ध निघाला. सैन्याच्या रांगा लागल्या. एक शिपाई उरला. राजाने त्याला आपल्या जागी रांगेत घेतले आणि स्वतः बाहेर उभा राहिला. क्षणात तो दिसेनासा झाला.

राणी इरावती रोज त्याचे ताट वाढी आणि झाकून ठेवी. शेवटी एके सकाळी तिने पादुका घातल्या आणि काळनदीची वाट धरली. वाटेत एक नीलपक्षी म्हणाला, "राणी, उरलेल्याला हिशेबात धर. जे हिशेबात आहे, ते हरवत नाही."

कालजंघ नदीकाठी बसला होता. राणी म्हणाली, "माझा राजा परत दे."

"तीन कामे कर. हे तेवीस मोती चार धाग्यांत सारखे ओव. एकही हरवता कामा नये."

राणीने प्रत्येक धाग्यात पाच मोती ओवले. तीन उरले, आणि ते तळहातावर धुरासारखे विरू लागले. राणीने मूठ मिटली. "चार पंचे वीस, वर तीन, झाले तेवीस!" मूठ उघडली, तर तिन्ही मोती जागेवर.

मग कालजंघाने तीस दिवे घेतले आणि काठच्या खडकातल्या चार कोनाड्यांत प्रत्येकी सहा मांडले. "सहा उरले. सहाही माझे!"

"कोनाडे चार आणि उरले सहा? अजून एकेक मावतो. उरणारे नेहमी वाटेकऱ्यांहून कमीच असते." तिने आणखी एकेक दिवा ठेवला. "चार सत्ते अठ्ठावीस, वर दोन." उरलेले दोन तिने आपल्या हाती धरले. ते विझले नाहीत.

कालजंघाने पैलतीराकडे बोट केले. "तिथे अडतीस माणसे आहेत. नावेत नावाड्याखेरीज नऊच मावतात. किती खेपांत आणशील?"

राणीने पैलतीर न्याहाळला. त्या गर्दीत उदयवर्मा होता. तो तिच्याकडेच पाहत होता. नजर न हलवता ती म्हणाली, "पाच."

नाव जाऊ-येऊ लागली. आया लेकरांना, भाऊ बहिणींना बिलगले. प्रत्येक वेळी राणी काठाशी धावे. प्रत्येक वेळी राजा दुसऱ्याला पुढे करून मागे राही. चौथी खेपही रिती झाली. पलीकडे राजा उरला, आणि एक म्हातारी माळीण.

कालजंघ हसला. "नऊ चोक छत्तीस. भरल्या खेपा चारच! दोघांसाठी नाव सुटत नाही."

नावाड्याने भयाने वल्ही खाली ठेवली.

"दोघे उरले, म्हणून तर पाचवी खेप," राणी म्हणाली, आणि स्वतः वल्हे उचलून नावेत चढली.

पैलतीरी माळीण म्हणाली, "महाराज, आधी तुम्ही बसा."

"आजीबाई, नावेत जागा पुष्कळ आहे," राजा म्हणाला. मग तो राणीकडे वळला. "तू येशील, असे वाटले नव्हते."

"महाराज, मी रोजच येत होते. आज फक्त पाय निघाले."

परत येताना राजाने दुसरे वल्हे घेतले. नावेचे टोक ऐलतीराला लागताच काळनदीचे पाणी निवळले, तळाचे खडे दिसू लागले, आणि कालजंघाची सारी माया ओसरली. राज्यात पुन्हा पंगती बसू लागल्या, हार गुंफले जाऊ लागले, आणि उरलेले जिथल्या तिथे राहू लागले.

पैलतीरी राहिलेले जसे ऐलतीरी आले, तसे साऱ्यांचे वाट पाहणे फळो.