अच्युतरावांचा अंगठा आणि माईंची कॉफी

"काल त्या कॉफीत काय घातलं होतंत, माई?"

अच्युतराव चिंचलीकरांनी नमस्कारसुद्धा केला नाही. भिंतीला धरून, एका पायावर लंगडत ते ओसरीवर आले आणि आल्या आल्या जाब विचारला.

माई सुपात तांदूळ निवडत बसल्या होत्या.

"दूध, साखर, कॉफी. दुसरं काय घालतात?"

"थट्टा नको! हा अंगठा बघा आधी!"

अंगठा बघण्यासारखाच झाला होता. उजव्या पायाचा, लालभडक, टम्म फुगलेला. धोतराचा काठ लागला तरी गृहस्थ कळवळत होता. तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात, ती इथं खरोखरच गेली होती.

आणि का जाऊ नये हो? मिरजेत एकतीस वर्षं हेडमास्तरकी केलेला माणूस नर्मदेची परिक्रमा करायला निघाला होता, तीही पायी. चार महिने चालून झालं होतं, वीस-पंचवीस दिवसांची वाट उरली होती. वाहनात बसलं की परिक्रमा मोडली, हे तर ठरलेलंच. आणि नेमका आता, स्वतःच्या गुरूच्या दारात येऊन पाय दगा देतो म्हणजे काय!

माई त्यांच्या गुरू. मूळच्या धारवाडकडच्या, पण गेली चाळीस वर्षं नर्मदेच्या काठी कुटी बांधून राहिलेल्या. संसार सुटला, कॉफी काही सुटली नाही. दाराशी आलेल्या प्रत्येक परिक्रमावासीला त्या पितळी पेल्यात कॉफी देत. काल मुक्कामाला आलेल्या अच्युतरावांनाही दिली होती.

"साठ वर्षांत मी कॉफीला शिवलो नव्हतो, माई! काल पेलाभर प्यायलो आणि आज पहाटे हे असं. लहान पोराला विचारा, तेही सांगेल कशानं झालं ते!"

"सकाळी डॉक्टरीणबाई येऊन बघून गेली ना? ती काय म्हणाली?"

"ती काय म्हणणार! काल-परवा पास झालेली पोरगी." अच्युतरावांचा आवाज चढला. "गाऊट म्हणे. रक्तात युरिक ॲसिड साचलंय म्हणे. मी म्हटलं, कॉफीनंच ना? तर हसली! मला म्हणते, आजोबा, उलट रोज कॉफी पिणाऱ्यांना हा आजार कमी होतो, असं पाहणीत दिसलंय. आजोबा म्हणते मला!"

"बरं. आणि पुढं?"

अच्युतराव भिंतीला टेकून बसले आणि धोतराचा काठ अंगठ्यावरून सारायला लागले.

"पुढं काय म्हणाली, अच्युता? मी आतच होते. कान आहेत मला."

"म्हणाली... आठ दिवस चालायचं नाही. गोळ्या घ्यायच्या. पाणी प्यायचं, दिवसभर, भरपूर. नाही ऐकलंत तर परवा गाडी आणते, दवाखान्यात घालते."

चार महिन्यांची पायपीट एका जीपच्या पायरीवर संपणार, हे त्यांनाही कळत होतं.

"मग पी की पाणी."

"दिवसा?" अच्युतराव ताठ झाले. "माझा नेम आहे, माई. सूर्य मावळला की एक कमंडलू पाणी. बस्स. एकादशीला तेही नाही. भर उन्हात चाललोय, ओठ फुटलेत, पण थेंब घेतला नाही. गावोगावची माणसं पाया पडायची माझ्या!"

माईंचा सुपातला हात थांबला.

"हा नेम मी दिला तुला?"

"नाही."

"परिक्रमेच्या नियमांत आहे कुठं?"

"...नाही. पण नुसतं चालणं काय, सगळेच चालतात!"

माईंनी सूप बाजूला आपटलं. चार दाणे ओसरीभर उडाले. माईंना रागावलेलं अच्युतरावांनी कधी पाहिलंच नव्हतं.

"साठ वर्षं शिवला नव्हतास, तर काल कॉफी कशाला प्यायलास रे?"

"कशाला म्हणजे? परिक्रमेत समोर आणून दिलेलं नाकारायचं नाही म्हणून! मला का हौस होती?"

माई उठल्या. कोपऱ्यातला तांब्या घेतला आणि घाटाच्या पायऱ्या उतरायला लागल्या. ऐंशीच्या घरातली बाई, गुडघ्यावर हात ठेवून एकेक पायरी उतरतेय. अच्युतरावांना वाटलं, थांबवावं. पण उठणार कसे?

बऱ्याच वेळानं त्या धापा टाकत वर आल्या. तांब्या काठोकाठ भरला होता. दोन्ही हातांनी तो त्यांनी अच्युतरावांपुढं धरला, दारातून भिक्षा घालावी तसा.

"माई, ऊन डोक्यावर आहे..."

माईंनी तांब्या आणखी पुढं केला.

"माझा नेम..."

तांब्या हिंदकळला. पाणी सांडून अच्युतरावांच्या अंगठ्यावर पडलं. गार लागलं. तांब्या मात्र खाली गेला नाही.

"ही चार महिने तुझ्या उजव्या हाताला वाहतेय," माई म्हणाल्या. "कॉफी पेलाभर होती, ती नाकारली नाहीस. हिला मात्र रोज नको म्हणत आलास. आणि वर पाया पडून घेत होतास."

अच्युतरावांनी घाटाकडे पाहिलं. समोर नदी लखलखत होती. चार महिने ते तिच्या काठानं चालले होते, तिला ओवाळलं होतं, तिचा जयजयकार केला होता... आणि दुपारी घशाला कोरड पडली की तिच्याकडे पाठ करून बसले होते.

त्यांनी तांब्या हिसकावूनच घेतला. रागानं प्यायले, घटाघटा, हनुवटीवरून ओघळ येईपर्यंत. डोळ्यांतूनही येत होतं, पण ते त्यांनी कबूल केलं नसतं. तांब्या रिकामा झाला तसा त्यांनी तो खाण्णकन खाली ठेवला.

"झालं समाधान? मोडला नेम! चार महिने पाळलेला नेम, तुमच्यापायी मोडला! आता प्रायश्चित्त तरी सांगा."

माईंनी तांब्या उचलला, आत डोकावून पाहिलं.

"आणखी एक तांब्या."