पाणबुड्याचा पोशाख आणि दौलूचं पोट

सांगतो, पण एकदाच. मांडवातला लाऊडस्पीकर बिघडला की या गावाला आप्पाची आठवण होते. एरवी सायकलचं पंक्चर काढून घेतात आणि चहा घेणार का, एवढंही विचारत नाहीत. आता पोरं समोर बसवलीत तर ऐका. मध्ये बोलायचं नाही. बोललात तर मी उठून जाईन, मग ऐकत बसा त्या बिघडलेल्या भोंग्याला.

असल्या गोष्टी 'एका गावात' म्हणून सुरू करतात. मी कशाला करू? आमच्याच गावात एक भोळा माणूस होता, दौलू. होता काय, अजून आहे. काल माझी तंबाखू घेऊन गेला.

दौलूला घडवताना देवानं माप कुणाचं घेतलं ते देवालाच माहीत. मान रेड्याची. पोट रांजणाचं. खाली पाय असे, की रांजणाखाली दोन विटा ठेवल्यात. हात मात्र गुडघ्यापर्यंत लोंबणारे. बसला की उभा वाटायचा, उभा राहिला की बसलेला.

त्याला एकच गोष्ट यायची. पाण्याखाली श्वास कोंडून राहणं. हा बुडी मारायचा, काठावरची माणसं रडायच्या बेतात यायची, मग हा वर येऊन विचारायचा, "काय झालं? कोण गेलं?"

बायको चंद्रा माहेरी जाऊन बसली होती. सासऱ्यानं सांगितलं होतं, "जावईबापू, पगाराची नोकरी लागली की न्यायला या." दौलू दर रविवारी तिकडं जायचा आणि दारातूनच विचारायचा, "लागली का हो?"

सासरा म्हणायचा, "मला काय विचारता? तुम्हाला लागायचीय!"

मग हा परत यायचा. पुढच्या रविवारी पुन्हा जायचा.

आता आमच्या गावच्या पाण्याचं सांगतो. नळाला पाणी येतं धरणातून. पाण्याखाली पाइपाच्या तोंडाला लोखंडी जाळी आहे. थंडीत तिला पाणगवत चिकटतं आणि नळ कोरडे पडतात. गवत काढायला उतरायचं कुणी? पाणी एवढं गार, की पाय घातला की गुडघ्याखालचं आपलं राहत नाही.

तर आमच्या सरपंचांनी, सर्जेरावांनी, शहरातल्या भंगारबाजारातून पाणबुड्याचा एक जुना पोशाख आणला. रबरी. त्याला म्हणे कोरडा पोशाख म्हणतात. गळ्याला आणि मनगटांना रबराची घट्ट पट्टी, पाठीवर जाड चेन. बाहेर धरण असलं तरी आतला माणूस सुक्या कपड्यात. वस्तू झकास होती. फक्त ती केली होती बांबूएवढ्या कुणा गोऱ्या माणसासाठी. सरपंचांनी घेताना पोशाख बघितला, माणूस बघायचा राहिला. मोठी माणसं, त्यांना एवढं कुठं बघायला होतंय?

सरपंच म्हणाले, "दौलू, सोमवारी ओव्हरसियरसाहेब येतायत. त्यांच्यासमोर जाळी साफ केलीस की पंचायतीत कायमची नोकरी. मग आण चंद्राला." आणि माझ्याकडं वळून म्हणाले, "आप्पा, तुम्ही ट्यूबला ठिगळं लावता. हेही रबरच. बसवा दौलूला यात."

जसं काही दौलू म्हणजे हवा, आणि भरली की झालं.

पोशाख घालून बघितला. पाय ढोपरापाशी अडकले, पोट बाहेरच राहिलं आणि गळा डोक्यावरून खाली उतरेना. मी म्हटलं, "आधी गळा. रात्रभर पातेल्यावर ताणून ठेव. सैल होईल."

"बरं आप्पा. आता कळलं."

सकाळी जाऊन बघतो तर यानं देवळातलं भंडाऱ्याचं पातेलं आणलेलं. ज्यात गावजेवणाची आमटी होते ते. चार गडी लावून त्यावर गळा चढवला होता. गळ्याच्या चिंध्या. त्यातून दौलू, मी आणि एक शेळी असे एकदम गेलो असतो.

"दौल्या, हे काय?"

"पातेलं म्हणालात ना आप्पा? लहान आणून तुमचा शब्द कशाला खाली पाडू?"

"अरे शहाण्या, आधी डोक्याचं माप बघायचं, मग वस्तू आणायची!"

"बरं आप्पा. आता कळलं."

मी ट्रकच्या ट्यूबची पट्टी कापून नवा गळा बसवला. पाण्याखाली खडक आहेत, म्हणून पोशाखावरून घालायला गमबूट हवे होते. दौलूला तालुक्याच्या बाजारात पाठवलं.

दुकानदारानं गमबूट पुढं ठेवले. दौलूनं एक उचलला आणि डोक्यात घातला.

"घट्ट होतोय. एक नंबर मोठा दाखवा."

दुकानदारानं मोठा दाखवला. गिऱ्हाइकाला नाही म्हणायचं नाही, असा तो माणूस.

"आता बसला. पण वरून दिसत नाही काही."

"पायात घातल्यावर दिसेल," दुकानदार म्हणाला. दौलूला वाटलं, हा माणूस जरा कमी आहे.

बूट बसला तो बसलाच, निघेना. हा तसाच एसटीतून गावाला आला. लोक जागा देत होते म्हणे. म्हातारी माणसं हात जोडत होती. मी दोन माणसं लावून ओढलं, उपयोग झाला नाही. शेवटी कानापाशी पावडर ओतली तेव्हा बूट सुटला. बूट एवढे मोठे, की एकात दौलूचे दोन्ही पाय मावले असते. म्हटलं, असू दे, दोरीनं बांधू.

"लक्षात ठेव," मी ओरडलो, "अडकलं की पावडर लावायची! पावडर लावली की सरकतं!"

"बरं आप्पा. आता कळलं."

दुसऱ्या दिवशी ओव्हरसियरसाहेब जागा बघायला आधीच आले. त्यांची जीप कॅनॉलपाशी चिखलात रुतली. समोरून दौलू. साहेब म्हणाले, "ए बाबा, गाडी अडकलीय, मदत कर."

दौलू पळत घरी गेला आणि पावडरचा डबा घेऊन आला. चंद्राचा, मोगऱ्याच्या वासाचा. उकिडवा बसून चारही चाकांना लावायला लागला. लहान बाळाला लावतात तशी, हलक्या हातानं.

साहेब बघत राहिले. "काय करतोयस?"

"सरकेल साहेब. जरा धीर धरा. कानापाशी कुठं अडकलीय ते सांगा."

"अरे मूर्खा, अडकलं की मागून खांदा लावून ढकलायचं असतं! विचारत बसायचं नाही!"

"बरं साहेब. आता कळलं."

आणि ढकलली. जीप चिखलातून निघाली, रस्ता ओलांडून गेली आणि पलीकडच्या उसात उभी राहिली. साहेब उसातून बाहेर आले, दौलूचं नाव विचारलं आणि म्हणाले, "सोमवारी बघतो तुझ्याकडं."

दौलू मला आनंदानं सांगत आला, "साहेबांनी नाव विचारलं!"

मी कपाळाला हात लावला. पण काम हातात घेतलेलं. पोशाखाचे पाय कापून आखूड केले, पोटाच्या जागी ट्यूबचं भलं मोठं ठिगळ घातलं. सुई चालत नाही, सुईनं भोकं पडतात. सगळं चिकटवायचं. ठिगळ आतूनही लावावं लागतं, म्हणून पाठीची चेन उघडून मी कमरेपर्यंत पोशाखात शिरलो. तिथं माझ्या सदऱ्याचं बटण अडकलं.

आतून म्हटलं, "दौल्या, अडकलोय रे, जरा..."

पुढं बोलायला मिळालंच नाही. यानं मागून खांदा लावला. मी थेट डाव्या पायात गेलो. तोंड रबरी मोज्यात, हात अंगाला चिकटलेले, डोक्यात सगळं चिकटवायचं सोल्युशन.

तेवढ्यात सर्जेराव आले. माणूस आत आहे, बाहेर काढावा? नाही. त्यांनी पारावरच्या लोकांना हाका मारल्या. "या रे या! आप्पांनी स्वतःच्या मापाचा केलाय!"

गाव हसून हसून घरी गेलं. मग मला काढलं.

उरलेले केस कापून टाकले आणि पुन्हा कामाला बसलो. पंपानं पोशाखात हवा भरली, वरून साबणाचं पाणी लावलं. जिथं बुडबुडा तिथं भोक. दौलूच्या हातात ठिगळं दिली आणि समोर बसवून बजावलं, "नीट ऐक. पाण्याच्या कामात एक भोक चालत नाही. एक भोक राहिलं की सगळं वाया. दिसलं की बुजव. विचारू नकोस, थांबू नकोस. बुजव."

"बरं आप्पा. आता कळलं."

आणि खरंच कळलं होतं. दिवसभर बसून एकेक भोक हुडकून बुजवलं. मला वाटलं, सुधारला.

सोमवारी सगळं गाव धरणावर. बायका रिकाम्या घागरी घेऊन. ओव्हरसियरसाहेब लांब उभे. सासरा आलेला, आणि त्याच्या मागं चंद्रा, पदराचं टोक चावत. दौलूला पोशाख चढवला. गळा बसला, पोट बसलं, पाय बसले. दिसायला गमबूट घातलेला रांजण, पण सुरकुती म्हणून नाही. तसं काम तालुक्यात कुणी करून दाखवावं.

कमरेला दगडांची पिशवी बांधून दौलू खाली गेला. बऱ्याच वेळानं वर आला तो कवेत गवताचा भारा घेऊन. "साफ!" म्हणाला. गळ्यात हात घालून बघितलं, आतला सदरा कोरडा ठणठणीत. टाळ्या पडल्या. साहेबसुद्धा हसले. चंद्रा दोन पावलं पुढं आली.

साहेब म्हणाले, "शाबास! ये वर."

"थांबा साहेब. मुख्य काम राहिलंय."

गवताचा भारा काखेत मारून हा पुन्हा खाली. वर येई, श्वास घेई, पुन्हा खाली. लोक म्हणाले, काय मन लावून करतोय! सर्जेराव साहेबांना सांगत होते, "माणूस मीच निवडला."

शेवटी वर आला तेव्हा हात रिकामे होते. साहेबांनी विचारलं, "काय राहिलं होतं रे?"

"साहेब, गवत काढलं तेव्हा दिसलं. ती जाळी नुसती भोकांनी भरलेली! एवढी वर्षं कुणी बघितलंच नाही. सगळी बुजवली. गवत आयतं होतंच, त्याचेच बोळे करून दगडानं ठोकलेत. आता थेंब आत जाणार नाही."

घागरी खाली ठेवल्याचा आवाज झाला.

दौलूला हाकलायचंच ठरलं होतं. पण बोळे काढायला उतरणार कोण? पोशाख तो एकच, आणि त्या पोशाखात बसेल असा माणूसही एकच. सर्जेरावांनी स्वतः घालून बघितला, तर पोटाच्या ठिकाणी आणखी एक सर्जेराव मावला असता. नाइलाजानं दौलूला कायम केलं. दौलूनं सासऱ्याला विचारलं, "लागली का हो?" सासरा म्हणाला, "लागली बाबा, ने."

सगळ्यांचं सगळं झालं. आणि ग्रामसभेत माईक धरून कोण बोललं, "दौलूची चूक नाही, शिकवणाऱ्यालाच अक्कल नव्हती"? त्यानं अजून माझी माफी मागितलेली नाही. नाव सर्जेराव.