वाढलेल्यांचे राज्य

त्या राज्यात ऊन नव्हते, पाऊस नव्हता आणि कोणाची वाढही होत नव्हती. मातीतून निघून किंवा वेलीवरून उतरून जो तेथे आला, त्याला एकच काम होते: नवे पीक येईपर्यंत आहे तसे राहायचे. ऐकायला हे सोपे वाटते. प्रत्यक्षात भल्याभल्यांचा कस लागत असे.

राज्य म्हणजे एक अंधारी कोठी. कोपऱ्यात वाळूत बटाटे, जमिनीवर पसरलेले कांदे, दाराशी टांगलेली लसणाची जुडी, आणि सर्वांच्या वर, छताच्या शिंक्यात, भोपळेराव. उंचावर होते म्हणून ते राजे. याहून जास्त चौकशी कोणी केली नव्हती.

त्या घरातल्या बायका अशुभ बोलत नसत. दिवा मालवला की म्हणत, दिवा वाढवला. तांदूळ संपले की म्हणत, तांदूळ वाढले. ही रीत भोपळेरावांना फार आवडली. त्यांनी फर्मान काढले की सडला, नासला असे कोणी म्हणायचे नाही, वाढला म्हणायचे. दाराशी असलेले लसूणपंत वर्दी देत, "महाराज, आज आणखी काही बटाटे वाढले." सुरुवातीला भोपळेराव गंभीर होत. पुढे त्यांना मूळ अर्थाचा विसर पडला आणि वर्दी ऐकून ते खुलू लागले.

कांद्यांत एक फार बारकी होती. तिला सगळे गोल्टी म्हणत. एकदा तिच्या अंगाला ओल लागली. शेजारचा थोरला कांदा मानेपाशी मऊ पडला होता.

"काका, तुम्हाला काय होतंय?"

"वाढतोय गं मी," काका क्षीण आवाजात म्हणाला.

बातमी वर गेली आणि नवे फर्मान खाली आले: वाढणाऱ्याला सर्वांनी बिलगून राहावे, म्हणजे सगळेच वाढतील. कांदे आनंदाने काकाला चिकटले. गोल्टीचाही काकावर जीव होता, पण तिला जगायचे होते. तिचे वरचे साल भिजले तशी ती किंचाळली, "काका सडलाय हो! लांब व्हा, नाहीतर आपण सगळेच सडू!"

असला शब्द कोठीत कोणी ऐकला नव्हता. शिक्षा म्हणून सर्वांनी ढकलत ढकलत तिला झरोक्याखालच्या उघड्या फरशीवर नेऊन सोडले. तेथे वारा लागे. तिचे साल वाळून कुरकुरीत झाले. आपल्या माणसांवाचून मात्र तिला करमेना. त्या ओल्या गर्दीत परत जावे असेही तिला कितीदा तरी वाटले.

मधूनमधून घरची सून दार उघडून वास घेई. लसूणपंत दाराशीच असल्यामुळे तिला फक्त लसणाचा वास येई, आणि ती दार लावून घेई.

झरोक्याखालून गोल्टीला एक गोष्ट दिसत होती, जी इतर कोणाला दिसत नव्हती. भोपळेरावांच्या बुडाशी काळा डाग पडला होता आणि त्यातून पाणी ठिबकत होते.

"महाराज, तुम्ही खालून सडताय!"

"काय म्हणतेय ती?" भोपळेरावांनी विचारले.

लसूणपंतांनी क्षणभर विचार केला. "महाराज, ती म्हणतेय, आपण वाढताय."

"शेवटी शहाणी झाली म्हणायची," भोपळेराव समाधानाने म्हणाले.

मग एके दिवशी सून भाजीसाठी भोपळा काढायला आली. तिने हात लावला आणि अंगठा आत गेला. अर्धा भोपळा शिंक्यात राहिला, अर्धा खालच्या कांद्यांवर पडला.

"आई, भोपळा पार सडलाय हो! खाली कांदेसुद्धा!"

"सडला म्हणू नये गं," सासू दारातून म्हणाली. "वाढला म्हणावं."

सगळे टोपलीत भरून परसातल्या खड्ड्यात गेले. झरोक्याखाली एक कोरडी गोल्टी तेवढी उरली. एकटीची काय भाजी होणार, म्हणून सुनेने ती खड्ड्याशेजारच्या मातीत खोचली. गोल्टीला तिथेही करमेना. शेजारच्या खड्ड्यात सगळे आपलेच होते.

एका सकाळी सासू परसात आली आणि वाकून म्हणाली, "अगंबाई, ही बघ, वाढली!"

गोल्टीने भीत भीत आपली मान चाचपली. मान घट्ट होती, आणि तिच्यातून हिरवी पात वर आली होती.