ओढ्यातले तांबे

एकदा एक वृद्ध रसायनशास्त्रज्ञ निवृत्तीनंतर सुपारीच्या बागांच्या एका गावी येऊन राहिले. घराच्या पडवीत त्यांनी छोटी प्रयोगशाळा थाटली होती. शर्मिष्ठा नावाची त्यांची शिष्या तिथेच राहून संशोधन करत होती.

गावाखाली ओढ्याच्या काठी जानकीबाई भोईर मत्स्यबीज केंद्र चालवत. रोहू-कटल्याची इवलीशी पिल्ले वाढवून तळेवाल्यांना विकायची, हा त्यांचा व्यवसाय. त्या मोसमात मात्र हौदातली पिल्ले तग धरेनात. सकाळी पाहावे तो पाण्यावर मेलेल्या पिल्लांचा पांढरा थर तरंगत असे.

एके दिवशी जानकीबाई हौदात येणाऱ्या ओढ्याच्या पाण्याचा कॅन घेऊन पडवीत आल्या. "सर, शहरातून पाणी तपासून आणलं. धातू-बितू काही आढळलं नाही म्हणतात. मग माझी पिल्लं का मरतायत? आणखी एक खेप गेली, तर केंद्राला कुलूपच लावावं लागेल."

"धातू नाही असं म्हणाले, की आढळला नाही म्हणाले?" सरांनी विचारले.

"आढळला नाही."

"मग शोधायला अजून वाव आहे." त्यांनी काम शर्मिष्ठाकडे सोपवले.

शर्मिष्ठाने विचार केला, धातू असलाच तर अत्यल्प असणार. पाणी आटवले की तो दाट होऊन सापडेल. दिवसभर खपून तिने कॅनभर पाणी वाटीभर केले. सरांनी ती वाटी उचलली आणि सरळ मोरीत ओतून दिली.

"सर, दिवसभर आटवत होते मी ते," ती म्हणाली.

"ठाऊक आहे. उद्या ओढ्याचं ताजं पाणी आण."

दुसऱ्या दिवशी सरांनी दोन काचनळ्या घेतल्या. एकीत शुद्ध पाणी, दुसरीत ओढ्याचे. दोहोंत लोहाचा क्षार आणि एक द्रावण घालताच दोन्ही लालभडक झाल्या. मग त्यांनी दोहोंत हायपो, म्हणजे फोटो धुताना वापरतात तो क्षार, घातला. हायपोमुळे तो लाल रंग उडतो, पण फार सावकाश. शुद्ध पाण्याची नळी लालच होती, आणि ओढ्याच्या पाण्याची पाहता पाहता फिकट झाली, मग नितळ. शर्मिष्ठा पुढे सरसावली. त्यानंतर सरांनी ठाऊक मापाचे थोडे थोडे तांबे घातलेल्या नळ्या लावल्या. ओढ्याच्या नळीचा वेग त्यांतल्या एकीशी तंतोतंत जुळला.

"एवढं तांबं आहे ओढ्यात," सर म्हणाले. "तू त्याला आटवून मोठं करायला निघाली होतीस. पण आटवताना भांड्यातलं, धुळीतलं काय काय त्यात उतरतं. मग ओढ्याचं कोणतं आणि आपलं कोणतं, कसं ओळखायचं? तांब्याचा कण इथे रंग उडवण्याची क्रिया घडवतो आणि स्वतः खर्च होत नाही. एकदा काम केलं की पुन्हा मोकळा, पुन्हा कामाला. म्हणून तो दिसत नसला, तरी त्याचं काम दिसतं. आपण वेग मोजायचा."

शर्मिष्ठा जानकीबाईंना घेऊन ओढ्याच्या काठाने वर चढत गेली. वळणावळणाला पाणी घ्यायचे, तिथेच नळीत लाल रंग करून हायपो घालायचा. रंग झटपट उडत होता. दत्ताराम ठोसरांची बाग ओलांडली, आणि वरच्या पाण्यात लाल रंग टिकून राहिला.

ठोसर झाडांवर मोरचूद, म्हणजे तांब्याचाच क्षार, आणि चुना यांची फवारणी करून पिंपे ओढ्यात धूत असत. "पिंपाच्या तळाला काय उरतं ते," ते म्हणाले. "वाहत्या पाण्यात त्याने काय होणार?"

शर्मिष्ठाने वाद घातला नाही. बागेच्या वरचे आणि खालचे पाणी दोन नळ्यांत घेऊन तिने त्यात द्रावणे घातली आणि नळ्या त्यांच्याच हाती दिल्या. ठोसर बघत राहिले. त्यांच्या डाव्या हातातली, बागेखालच्या पाण्याची नळी नितळ झाली. उजवीतला रंग तसाच होता.

"म्हणजे हे माझ्याच बागेतलं," ते हळू आवाजात म्हणाले.

"हो, काका."

त्यांनी त्याच आठवड्यात ओढ्यापासून दूर, पिंपे धुण्यासाठी चुना घालून खड्डा केला. शेजारच्या बागाईतदारांनाही पिंपे तिथेच धुवायला लावली.

जानकीबाईंची पुढची खेप जगली. हौदाचे पाणी पिल्लांनी काळेभोर झाले. त्यांनी जाळी बुडवून वर उचलली, तशी तीत चांदी वळवळली. केंद्रावरच्या बायका पाणी आणि प्राणवायू भरलेल्या पिशव्यांत पिल्ले भरत होत्या, आणि दारात तळेवाल्यांचे टेम्पो रांगेने उभे होते. जानकीबाईंनी शर्मिष्ठाला जवळ ओढले. "पोरी, ही पिल्लं तुझी गं," त्या म्हणाल्या.

शर्मिष्ठा हौदाकाठी बसली. पाण्याखालची ती धावपळ पाहताना तिला जाणवले, की संहार करायला इतके अल्प तांबे पुरले, आणि तो थांबवायलाही एका माणसाने पिंप धुण्याची जागा बदलणे पुरले.

आपणही एखाद्या गोष्टीला क्षुल्लक म्हणण्यापूर्वी, तिच्यामुळे काय आणि किती वेगाने घडते आहे ते एकदा पाहावे.