पुना सुतारणीची सोळा लिंबं

आधी माझं ऐका, मग पुनाबाईचं सांगते. म्हणजे गोष्ट सांगायला गावाला केवढी शहाणी बाई मिळाली ते तुम्हाला कळेल.

वडसावण्याला सून होऊन आले तेव्हा मी बारावी सायन्स होते. कोणी विचारत नसे, तरी मी सांगत असे. रथाच्या आदल्या दिवशी दारात रांगोळी काढत होते. देवळाकडून एक लिंबू गडगडत आलं आणि माझ्या पायाशी थांबलं. लिंबाला कुंकू लावलेलं. त्यामागून दुसरं आलं. मग तिसरं. मी रांगोळीचा डबा फेकला, "मेले गं माय!" म्हणून ओरडले आणि मागच्या दारानं पळाले, ती थेट म्हशीच्या गव्हाणीत जाऊन बसले. सासूबाईंनी शोधून काढलं तोवर म्हशीनं अर्धा पदर खाल्ला होता.

"काय झालं?"

"आत्याबाई, माझ्यावर कोणीतरी करणी केली!"

आत्याबाईंनी मला खालून वर बघितलं. "तुझ्यावर? कशापायी?"

वीस वर्षं झाली, गल्लीतल्या बाया अजून मला बघितलं की म्हशीला हाक मारतात. पण ती लिंबं काय होती ते मला त्या दिवशी कळलं. ती पुनाबाईची होती.

पुनाबाई कधी होऊन गेली ते मला विचारू नका. आत्याबाई म्हणतात, त्यांच्या सासूच्या सासूनं तिला पाहिलेलं. ती सासूही असंच म्हणायची. पार बांधला नव्हता, वड एवढासा होता, आणि नदीला बारा महिने पाणी होतं, तेव्हाची ही गोष्ट आहे, असं म्हणतात.

वडसावण्याचं बालाजीचं देऊळ टेकाडावर आणि गाव खाली. मधे एकच गल्ली, सरळ उताराची, देवळापासून वळणापर्यंत चौसष्ट हात. कार्तिकात बालाजीचा रथ त्या गल्लीनं खाली येतो. रथ म्हणजे दोन मजली लाकूड, चाक माणसाच्या छातीला लागेल एवढं. त्याला थांबवायला एकच वस्तू, मोगरी. मोगरी म्हणजे बाभळीची पाचर. ती धावत्या चाकाखाली सारायची, की रथ थांबतो. तो मान सुताराच्या घराचा.

पण गावाची रीत अशी, की देवाला वाटेत अडवायचं नाही. मोगरी एकदाच लावायची, ती पण खाली, वळणावर. वर रथ सुटायचा, सगळं गाव "गोविंदा! गोविंदा!" ओरडायचं आणि खाली वळणावर सुतार एकटा मोगरी घेऊन उभा. मोगरी नीट बसली तर सुताराला फेटा. नाही बसली तर सुताराच्या बायकोला पांढरं कपाळ.

पुनाचा सासरा तिथेच गेला. मग थोरला दीर गेला. त्याची बायको केसर पुनाच्याच घरात, चुलीशी बसून असायची, बोलायची नाही. आणि आता मान आला पुनाच्या नवऱ्याकडे, झिपरूकडे.

गावानं काहीच केलं नाही असं नाही हं. सासरा गेला तेव्हा गाव म्हणालं, रथ जड झाला. म्हणून पितळी कळस उतरवला. दीर गेला तेव्हा लाकडी घोडे उतरवले, आणि वर बसणारा जाडा पुजारी उतरवून त्याचा वाळका भाचा बसवला. गावाला वाटलं, आता झालं काम.

पुनाला तसं वाटलं नाही. ती उखर्डू पाटलाला म्हणाली, "कळस उतरवला तरी थोरले दादा गेलेच ना?"

उखर्डू पाटील गावाचा मालक. त्यानं मिशीवर हात फिरवला. "मग रथाला माणूस लागत असंल. देवाचं देव बघंल. तू तुझ्या भाकरी बघ."

पुना घरी आली. रथाला सहा महिने होते. तिला एवढंच हवं होतं की कार्तिकानंतरही झिपरू जेवायला घरी यावा.

अंगणात लिंबाचं झाड होतं. तिनं छपराची लाकडी पन्हळ उतरवली, एक टोक उखळावर टेकवलं, दुसरं जमिनीवर, आणि वरून लिंबू सोडलं. का, तर रथाच्या चाकासारखं गोल असं घरात तेवढंच होतं. झाड आंब्याचं असतं तर तिनं कैऱ्या सोडल्या असत्या आणि पुढचं रामायण झालंच नसतं.

लिंबू हळू निघायचं आणि खाली जाईपर्यंत सुसाट. पण किती सुसाट? मोजायचं कसं? आधी तिनं स्वतःची नाडी धरली. पण लिंबू खाली पोचायला लागलं की तिला झिपरू दिसायचा आणि नाडीच पळत सुटायची. मग तिला केसरचं जातं आठवलं. केसरचा हात असा की एक फेरा दुसऱ्या फेऱ्याहून तिळभर कमी नाही, जास्त नाही. दाणे घातले की जातं मधेच अडखळायचं. म्हणून पुना म्हणाली, "जाऊबाई, रिकामंच फिरवा."

केसर दचकली. रिकामं जातं फिरवलं की घर रिकामं होतं असं आमच्याकडे मानतात. मग तिनं स्वतःच्या घराकडे बघितलं आणि म्हणाली, "आता अजून काय रिकामं व्हायचं?" आणि खुंटा धरला.

जात्याचा एक फेरा झाला की लिंबू जिथे असेल तिथे पुना खूण करायची. कोळशानं केली असती तरी चाललं असतं. पण हाताशी करंडा होता, तिनं कुंकवाची बोटं ओढली. लोक काय समजतील याचा विचार न करणं, या एका बाबतीत ती अगदी माझ्यासारखी होती.

पहिल्या फेऱ्यात लिंबू एक वीत गेलं. दुसऱ्यात तीन वीत. तिसऱ्यात पाच. चौथ्यात सात. तिचा विश्वास बसेना. तिनं लहान लिंबू घेतलं, मोठं घेतलं, पिकलेलं घेतलं, हिरवं घेतलं. एक, तीन, पाच, सात. मग नदीतला गोटा आणला, लिंबाच्या दहापट जड. एक, तीन, पाच, सात.

केसर म्हणाली, "म्हंजे कळस उगाच उतरवला."

"आन् पुजारीबी."

"मग मारतं काय?"

"मोकळं पळणं मारतं, जाऊबाई. वर एक लेकरू पण रथ अडवंल. दर फेऱ्याला त्याचं पळणं वाढत जातं. गल्लीचा उतार जास्त, तिथं वितीच्या जागी हात धरले तर चौसष्ट हात म्हंजे आठ फेरे. आठव्या फेऱ्यात रथ पंधरा हात पळतो." पुना थांबली. "दादा आठव्या फेऱ्याला उभे होते."

जातं थांबलं. केसरनं खुंटा परत घट्ट धरला. मग म्हणाली, "परत सोड. मी फिरवते."

आता तुम्ही शेजारच्या बाईच्या जागी बसा. भर दुपारी सुताराच्या घरातून जात्याची घरघर येते, पण पीठ कुठे दिसत नाही. कुडाच्या फटीतून बघावं तर लिंबं, कुंकू, एक बाई तोंडातल्या तोंडात पुटपुटते, आणि शेजारी जिचा नवरा रथाखाली गेला ती. तुम्ही काय समजला असता? मी तर गव्हाणीच गाठली असती.

आठ दिवसांत गावभर झालं. कोणाची म्हैस आटली, पुनानं केलं. कोणाचं लेकरू रात्री रडलं, पुनानं केलं. मग गाव कापूस वेचायला गेलेलं असताना पुनानं गल्लीतच लिंबं सोडली. दगडात रथाच्या चाकोऱ्या पडल्या होत्या, त्यातून लिंबं सरळ जायची. तिला तिथे तिनं धरले होते तसेच वितीच्या जागी हात मिळाले, आणि आकडे तेच. संध्याकाळी लोक घरी आले तर वळणावर लिंबांचा ढीग, अगदी जिथे सुतार मरतो तिथे. बाया पदर तोंडाला लावून लांबून गेल्या. पाटलानं वाट बदलली.

झिपरूनं तिच्या हातचं खायचं सोडलं. स्वतःच्या आत्याकडे जेवून यायचा. एक दिवस दारातच उभा राहून म्हणाला, "माझ्यावर काय करून राहिली तू?"

"मोजून राहिली."

"काय?"

"तू किती वेळात मरतो ते."

आता नवऱ्याला असं सांगतात का? पण तिला गोड बोलता येत नव्हतं. मग तिनं पन्हळ दाखवली, लिंबू सोडलं, समजावलं. चार हातांच्या पुढे रथ मोकळा सोडू नको. दर चार हातांवर मोगरी लाव. झिपरूनं सगळं बघितलं. त्याला पटलंही असेल. पण तो म्हणाला, "दर चार हातांवर मोगरी लावली तर गाव मला बांगड्या भरंल." आणि आत्याकडे जेवायला गेला.

पुना चावडीवर गेली. पाटील तिच्यापासून सहा हात लांब सरकला. तिनं फेरे सांगितले, हात सांगितले.

पाटील म्हणाला, "बालाजीचा रथ पोटुशी बाईसारखा पाऊल पाऊल चालंल का? देवाचं माप काढते?" आणि त्यानं हुकूम काढला. रथाच्या दिवशी सुताराच्या दोन्ही बाया घरात, दाराला बाहेरून कडी.

रथाचा दिवस आला. कडी लागली. वर ढोल वाजायला लागले. खाली वळणावर झिपरू मोगरी घेऊन उभा राहिला. सकाळपासून त्यानं पाणी पण घेतलं नव्हतं, असं म्हणतात.

आणि इकडे बंद दारातून पुना बाहेर आली. कडी आपोआप गळून पडली, असं म्हणतात. ती धूर होऊन छपरातून निघाली, असंही म्हणतात. आत्याबाईंचं म्हणणं, सुताराच्या घरातल्या बायांना दार बिजागरीतून उचलता येत होतं. तुम्हाला आवडेल ते घ्या.

ओच्यात लिंबं घेऊन ती देवळाशी गेली, मागे केसर. रथाचे दोर माणसांच्या हातात होते. पुना रथासमोर उभी राहिली, पाठ फिरवली आणि उतार उतरायला लागली. चार हात चालली, एक लिंबू ठेवलं. अजून चार हात, दुसरं. प्रत्येकाला कुंकवाचं बोट. गर्दी अशी फाटली की जणू तिच्या अंगाला आग लागलीय. सोळावं लिंबू तिनं झिपरूच्या पायाशी ठेवलं.

ढोल बंद पडले.

"उचला ती लिंबं!" पाटील ओरडला.

कोणी हललं नाही. मागून कोणीतरी म्हणालं, "पाटील, तुम्हीच श्रीगणेशा करा."

पाटलानं स्वतःच्या हाताकडे बघितलं आणि तो हात हळूच पाठीमागे नेला.

लिंबू ओलांडायची कोणाची छाती नव्हती. रथ तर बालाजीचा, तो करणीवरून कसा न्यायचा? एवढं मोठं गाव पाच पैशांच्या लिंबासमोर उभं राहिलं. मग पुना म्हणाली, "मी ठेवलंय, मीच उचलंन. पण रथ येऊन लिंबापाशी थांबला तरच. न थांबता कोणी पुढं गेलं तर पुढचं माझ्यावर नाही."

पाटलानं घाम पुसला. "झिपरू! वर ये. मोगरी घेऊन ये."

रथ सुटला. एक हात, मग तीन हात, आणि झिपरूनं मोगरी सारली. जेवायच्या पंगतीत पाट सरकवावा तशी ती चाकाखाली गेली, आणि रथ थांबला. झिपरू चाकाकडे बघतच राहिला. पुनानं लिंबू उचललं. परत चार हात, परत मोगरी, परत लिंबू. दोरवाले कुरकुरले, ढोलवाल्यांचे हात दुखले. पूर्वी जातं आठदा फिरेपर्यंत जो रथ खाली यायचा, त्याला त्या दिवशी दिवेलागण झाली. पण चाकाला रक्त लागलं नाही.

सोळावं लिंबू पुनानं उचललं नाही. ते झिपरूनं उचललं. सगळं गाव "अरे अरे" करत होतं. तो ते घरी घेऊन गेला, चिरलं, वरणावर पिळलं आणि पुनाच्या हातचं पोटभर जेवला.

पुना खरं बोलत होती असं गावानं काही म्हटलं नाही. गाव म्हणालं, हिचं लिंबू फार जबर आहे. पुढच्या वर्षी लिंबं ठेवायची नाहीत असं म्हणायची कोणाची हिंमत झाली नाही, म्हणून परत ठेवली. त्याच्या पुढच्या वर्षीही. पुना म्हातारी झाली तरी लोक तिच्या सावलीतून चालत नसत. ती नुसती बघायची आणि उतारावरची चाकं जागीच थिजायची, असं म्हणतात. तिनं टाकलेलं लिंबू उतार चढून परत तिच्या हातात यायचं, असंही म्हणतात.

आजही रथाच्या आदल्या दिवशी सुताराच्या घरातली थोरली बाई देवळापासून लिंबं सोडते. घरोघरी रिकामी जाती फिरतात, आणि पोरी मोठ्यानं म्हणतात, एक, तीन, पाच, सात. रथाच्या दिवशी गल्लीत सोळा लिंबं, आणि सोळा वेळा मोगरी. कळस परत चढलाय. घोडे परत लागलेत. पुजारी तर चांगलाच जाडा आहे. आणि मोगरीवाला उतारावरून परत आला की त्याच्या पहिल्या घासावर लिंबू पिळतात.

हेच आकडे माझ्या बारावीच्या पुस्तकात होते. उतारावरून घरंगळणारी वस्तू, एक, तीन, पाच, सात. मी पाठ केले, लिहिले, मार्क घेतले. एकही लिंबू कधी सोडून बघितलं नाही.

यंदा आत्याबाई ओट्यावर बसून लिंबांना कुंकू लावत होत्या. वीस वर्षं मनात होतं ते मी विचारून टाकलं. "आत्याबाई, तुम्ही खरं सांगा. पुनाबाईनं फक्त मोजलं ना? करणी-बिरणी काही केली नव्हती ना?"

आत्याबाईंनी मान वर केली नाही.

"केली होती ना. नाहीतर त्या घरात सुतार कधी म्हातारा होऊन मेला होता?"