आबांची कात

फार पूर्वी, ज्वारीच्या ताटांनाही वाचा होती तेव्हा, टिपरी नावाची एक नाकतोडी होती. तिचं अंग वाढत होतं, पण अंगावरचं कवच काही वाढेना. पोटावरच्या ज्या इवल्या भोकांतून ती श्वास घ्यायची, तीही आवळली गेली.

"आबा, जीव गुदमरतोय. कात टाकू का?"

"खबरदार!" वाकड्या पायाचे आबा पंख फडकावत गरजले. "घराण्याचं कवच आहे ते! आमच्या वेळी नव्हते असले थेर!"

बाकीच्या म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. माना डोलवायला अक्कल लागत नाही.

टिपरी तडक ताटावर चढली आणि उलटी लटकली. पाठीवर टर्रकन चीर गेली. आधी डोकं निघालं, मग सहा पाय निघाले, शेवटी चुरगळलेले ओले पंख. वारा खात खात ते ताठ झाले, तशी तिला हसूच आवरेना.

"नाक कापलंस आमचं!" आबा खालून ओरडले.

तेवढ्यात वरच्या पानावरून एक जुनी, वाळकी कात सुटली आणि थेट आबांच्या डोक्यावर पडली. तिचाही पाय वाकडा होता.

"आबा, तुमचं काहीतरी पडलंय बघा!" म्हणत टिपरी भुर्रकन उडाली.